पृथ्वी जिवंत आहे म्हणता, मग ते नाशकात तपासायचं कसं?

काळाकातळ

दर ५ जूनला एक वाक्य फिरतं: पृथ्वी हा सजीव आहे आणि माणूस हा तिला जडलेला रोग. पाठवणाऱ्याला विचारा की जिवंत आहे म्हणजे नेमकं काय, तर गाडी ‘भूमाता’पाशी अडते. या कल्पनेत शास्त्र किती आहे आणि त्यातलं काय आपल्या जिल्ह्यात मोजून बघता येतं, यासाठी हा धागा. कवितांना वेगळा धागा आहे.

सुरुवात हवेपासून. १९६०च्या दशकात नासाला मंगळावर जीवसृष्टी शोधायची होती. त्या कामात असलेल्या जेम्स लव्हलॉक या ब्रिटिश शास्त्रज्ञाचं म्हणणं असं की त्यासाठी माती उकरायची गरज नाही, हवा तपासा. मंगळ आणि शुक्र, दोघांच्या हवेत कार्बन डायऑक्साइड सुमारे ९५ टक्के. ज्या रासायनिक क्रिया व्हायच्या त्या कधीच उरकल्या, आता तिथे काही घडत नाही. आपल्याकडे २१ टक्के ऑक्सिजन आहे आणि त्याच हवेत मिथेनही आहे. ऑक्सिजनच्या हवेत मिथेन साधारण दहा वर्षांत संपून जातो. तरी तो कायम सापडतो, कारण दलदली, भातखाचरं, गुरांची पोटं तो सतत भरत असतात. या असमतोलातूनच जीव ओळखू येतो. पुढे लिन मार्ग्युलिस या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बाईंनी त्यात जिवाणूंची बाजू घातली आणि ‘गाया’ ही कल्पना उभी राहिली: जीव, हवा, पाणी आणि खडक मिळून पृथ्वीची परिस्थिती जगण्याजोगी राखतात.

दुसरा पुरावा सूर्याचा. पृथ्वी तयार झाली तेव्हापासून सूर्य जवळजवळ ३० टक्क्यांनी प्रखर झाला, तरी समुद्र उकळून गेले नाहीत. याचं मुख्य श्रेय खडकांच्या झिजेला जातं, आणि ती झीज बघायला नाशिकसारखी जागा नाही. आपल्या पायाखाली सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बेसाल्ट आहे. पावसाचं पाणी हवेतला आणि त्याहून जास्त मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं आणि बेसाल्टमधलं कॅल्शियम, मॅग्नेशियम सोडवतं. कार्बन बायकार्बोनेट होऊन गोदावरीतून समुद्राला जातो, तिथे शिंपल्यांत आणि चुनखडीत अडकतो. हवा तापली की पाऊस वाढतो, झीज वाढते, कार्बन डायऑक्साइड घटतो आणि हवा निवते. मुळं आणि बुरशी आम्लं सोडून याच कामाला वेग देतात, म्हणून जीव यात नुसता प्रवासी नाही.

आता अडचण. या यंत्रणेला लाखो वर्षं लागतात. सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात त्याच्या ४० ते १०० पट माणूस सोडतो. औद्योगिक क्रांतीआधी हवेत २८० पीपीएम (दहा लाख भागांत २८०) होता, आता ४२०च्या वर गेला. खडक तो परत घेतीलच, पण आपल्या हिशेबात नाही. तेव्हा पृथ्वी मरेल का हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. तुटतायत ती दहा-वीस वर्षांच्या वेगानं चालणारी चक्रं: माती, नदी, गवताळ डोंगर. त्यातलं ज्याला जे येतं त्यानं ते लिहावं. आकडा आणि कृती द्या, उसासे नकोत.

शंकेखोर

मांडणी चांगली आहे, पण दुसरी बाजू तुम्ही गाळलीत. डूलिटल यांनी १९८१मध्ये आणि डॉकिन्स यांनी १९८२मध्ये, दोघेही जीवशास्त्रज्ञ, सरळ विचारलं की सजीवाचे गुण नैसर्गिक निवडीतून घडतात, मग पृथ्वी कोणाशी स्पर्धा करून घडली? हजार पृथ्व्या होत्या आणि त्यातली नीट सांभाळणारी टिकली, असं काही झालेलं नाही. समुद्रातल्या शेवाळाला हवामान सांभाळायचं आहे असं म्हणणं म्हणजे भाबडेपणा.

शिवाय जीव दरवेळी परिस्थिती सुधारतो हेही खरं नाही. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी हवेत ऑक्सिजन साठायला लागला तो नीलहरित जिवाणूंमुळेच, आणि त्या काळच्या बहुतेक जिवांना तो विषच होता. प्रदूषण हा माणसाचा शोध नव्हे.

कोष्टकबाज

@शंकेखोर, त्या आक्षेपाला १९८३मध्ये वॉटसन आणि लव्हलॉक यांनी एका छोट्या गणिती नमुन्यानं उत्तर दिलं. त्यात कोणाचाही हेतू लागत नाही. एक ग्रह, त्यावर काळी आणि पांढरी डेझीची फुलं. काळी उष्णता धरतात, पांढरी परतवतात. दोन्ही २२.५ अंशांना सगळ्यात जोमानं वाढतात. एक्सेलमध्ये संध्याकाळभरात होतं. कृती देतो.

परावर्तन: काळी ०.२५, पांढरी ०.७५, उघडी जमीन ०.५. क्षेत्रफळाप्रमाणे सरासरी काढा, ते ग्रहाचं परावर्तन. ग्रहाचं तापमान काढताना ९१७ × सूर्याची प्रखरता × (१ वजा परावर्तन), भागिले ५.६७ × दहाचा उणे आठवा घात. त्याचं चौथं मूळ काढून २७३ वजा. प्रत्येक फुलाच्या जागेचं तापमान वेगळं: (ग्रहाचं परावर्तन वजा त्या फुलाचं परावर्तन) × २.०६ × दहाचा नववा घात, त्यात ग्रहाच्या केल्व्हिन तापमानाचा चौथा घात मिळवा, मग पुन्हा चौथं मूळ काढून २७३ वजा. वाढीचा दर = १ − ०.००३२६५ × (२२.५ − जागेचं तापमान) चा वर्ग, ऋण आला तर शून्य. क्षेत्रातला बदल = क्षेत्र × (उघडी जमीन × वाढीचा दर − ०.३).

प्रखरता ०.६पासून ०.०२च्या पायऱ्यांनी १.७पर्यंत न्या आणि प्रत्येक पायरीला ०.१च्या कालखंडानं काही शे फेऱ्या फिरवा. दोन ठिकाणी हमखास फसतं. क्षेत्र शून्य होऊ दिलंत तर फूल पुन्हा कधीच उगवत नाही, म्हणून किमान ०.०१ बी राखून ठेवा. आणि कालखंड मोठा घेतलात तर आकडे वरखाली नाचतात, तो फुलांचा गुण नव्हे.

निकाल बघण्यासारखा आहे. प्रखरता वाढत जाते आणि तापमान बराच काळ जागचं फारसं हलत नाही. १.५६च्या जवळपास पांढरी फुलं एकदम कोसळतात आणि ग्रह तिशीतून उडी मारून ६० अंशांच्या वर जातो. तिथून प्रखरता १.५वर आणून भागत नाही; १.२पर्यंत उतरवल्याशिवाय पांढरी फुलं परत येत नाहीत. कोसळायच्या आधीच्या पायरीवर तापमानाचा आलेख बघून काहीही कळत नाही. कळतं ते फुलांच्या क्षेत्राच्या आलेखावरून.

शंकेखोर

हे मान्य. म्हणजे तापमानाच्या आकड्यावर विसंबू नका, ते राखणाऱ्या यंत्रणेची ताकद किती उरली ते मोजा. हे माझ्या गळी उतरतं. तरी ‘सजीव’ म्हणायला मी तयार नाही.

काळाकातळ

नका म्हणू, काही बिघडत नाही. थर्मोस्टॅट म्हणा.

गावठाण

एक प्रश्न. सिन्नर बाजूला क्रशर भरपूर आहेत. बेसाल्टची भुकटी शेतात टाकली की कार्बन शोषला जातो असं वाचलं. क्रशरची डस्ट टाकून चालेल का? एकरी किती?

काळाकातळ

तत्त्व बरोबर आहे, जागा चुकीची. एक टन बेसाल्ट पूर्ण झिजला तर जास्तीत जास्त पाव टनाच्या थोडा वर कार्बन डायऑक्साइड बांधला जातो, तोही पूर्ण झिजल्यावर. क्रशरच्या डस्टमध्ये निम्म्याहून जास्त खडा वाळूएवढा असतो, तो तुमच्या हयातीत झिजत नाही. प्रयोगांमध्ये पिठासारखी दळलेली भुकटी हेक्टरी २० ते ४० टन वापरतात.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे सामू (पीएच). बेसाल्ट आम्ल मातीत भराभर झिजतो. सिन्नर, निफाड, येवल्याची काळी माती मुळात बेसाल्टचीच झालेली, चुनखडीयुक्त, सामू ८च्या आसपास. तिथे भुकटी नुसती पडून राहील. उपयोग झाला तर तो इगतपुरी, त्र्यंबक, पेठकडच्या जास्त पावसाच्या, धुपून आम्ल झालेल्या जमिनीत किंवा कोकणातल्या जांभ्यावर. तिथवर ट्रकनं नेण्याचं डिझेल हिशेबात धरा. कोरडी भुकटी फेकताना नाकातोंडाला मास्क लागतोच, ओली करून टाकलेली बरी.

हे रसायन घरात बघायचं तर बोअरच्या पाण्याच्या गिझरची कॉइल बघा. पांढरा थर जमतो तो कॅल्शियम कार्बोनेट. खडकातून सुटलेलं कॅल्शियम आणि मातीतल्या श्वासाचा कार्बन पाण्यात एकत्र होता, पाणी तापलं, निम्मा कार्बन हवेत गेला आणि निम्मा कॉइलवर बसला. समुद्रातही हाच हिशेब: बांधलेल्या दोन कार्बनपैकी एकच चुनखडीत राहतो.

निफाडी

मातीवर लिहितो. कृषी खात्याच्या माती परीक्षणाच्या पत्रिकेत सेंद्रिय कर्बाचा रकाना असतो; बहुतेक जण नत्र-स्फुरद-पालाश बघून कागद घडी घालतात. ०.५ टक्क्याच्या खाली कमी, ०.५ ते ०.७५ मध्यम, त्यावर चांगला. एकरभर जमिनीचा वरचा १५ सेंटीमीटरचा थर साधारण ९ लाख किलो भरतो. कर्ब ०.१ टक्क्यानं वाढला तर ९०० किलो कार्बन मातीत गेला, म्हणजे हवेतला सुमारे ३.३ टन कार्बन डायऑक्साइड. एका एकरात, दशांश चिन्हापुढच्या एका आकड्यात. आणि उलटही तेवढ्याच वेगानं होतं: उन्हाळ्यात दोनदा रोटाव्हेटर फिरवून माती उघडी ठेवली की तोच कार्बन परत हवेत.

नमुना घेताना घोळ होतात ते असे. द्राक्षबागेत ड्रिपरच्या तोंडाशी क्षार साठतात, तिथली माती घेऊ नये. दोन ओळींच्या मधलीही घेऊ नये, तिथे मुळं नसतात. ड्रिपरपासून वीतभर बाजूला, नागमोडी फिरत १५-२० जागा. व्ही आकाराचा खड्डा करून कडेची एकसारखी चीप काढा. बागेत ० ते ३० आणि ३० ते ६० सेंटीमीटर असे दोन वेगळे नमुने. ढीग करून चार भाग, समोरासमोरचे दोन टाका, असं करत अर्धा किलोवर या. तांबं, जस्त तपासायचं असेल तर गॅल्व्हनाइझ्ड घमेलं नको, प्लॅस्टिक वापरा. नुकतं खत टाकलेलं असेल तर थांबा. आणि प्रयोगशाळेला ‘सेंद्रिय कर्ब’च सांगा. ‘एकूण कार्बन’ म्हणालात तर आपल्या मातीतली चुनखडीही त्यात मोजली जाते आणि आकडा खोटा गोड दिसतो.

माती जिवंत आहे की नाही हे बघायचा स्वस्त मार्ग: एक लिटर पाण्यात दोन चमचे पानाचा चुना ढवळून रात्रभर ठेवा आणि वरची निवळी बाटलीत गच्च बंद करा. रुंद तोंडाच्या दोन बरण्या घ्या. एकीत शेतातली ओलसर माती पाव किलो, मुठीत दाबली तर गोळा होईल पण पाणी सुटणार नाही अशी. दुसरीत तीच माती कढईत चांगली भाजून, गार करून, उकळून गार केलेल्या पाण्यानं तेवढीच ओली केलेली. दोन्हीत निवळीची छोटी वाटी ठेवून झाकण लावा आणि अंधारात ठेवा. दुसऱ्या दिवशी जिवंत मातीच्या वाटीवर पांढरी साय धरते, भाजलेलीच्या वाटीवर नाही किंवा अगदी पुसट.

फसतं कुठे? वाळलेली माती नव्यानं ओली केली की पहिल्या दिवशी जिवाणू उसळी मारतात आणि निकृष्ट मातीही जोरदार दिसते. म्हणून ओली करून दोन-तीन दिवसांनी बरणी लावा. मातीत मुळांचे तुकडे, शेणाचे गोळे राहिले तर श्वास त्यांचा मोजला जातो. आणि आपल्या चुनखडीच्या मातीत व्हिनेगर किंवा कुठलंही आम्ल पडलं की त्यातून सुटणारा वायू मातीचा श्वास नव्हे.

आकडाच हवा असेल तर निवळीऐवजी ०.५ नॉर्मल कॉस्टिक सोडा २० मिली. २४ तासांनी बेरियम क्लोराइड घालून फिनॉल्फ्थॅलीनवर ०.५ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लानं टायट्रेट करा. भाजलेल्या बरणीपेक्षा जेवढं आम्ल कमी लागलं, त्या प्रत्येक मिलीला ११ मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड. डोळ्याला चष्मा, हातात मोजे.

गावठाण

आणि बोर्डोनं (मोरचूद-चुन्याच्या फवारणीनं) माती मरते म्हणतात ते कितपत? ऑक्टोबरातल्या गोडी छाटणीनंतर द्राक्षावरच्या डाऊनी रोगाला दुसरं काही पुरत नाही.

निफाडी

बोर्डो वाईट नाही, हिशेब न ठेवणं वाईट. एक टक्का म्हणजे १०० लिटरला १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना. मोरचुदात तांबं पाव हिस्सा. एकरी ४०० लिटर एक टक्क्याची फवारणी म्हणजे १ किलो तांबं बागेत. ते पानावरून जमिनीवर येतं आणि वरच्या वीतभर थरात बसून राहतं. कुजत नाही, उडत नाही, पाण्याबरोबर फारसं खालीही जात नाही. युरोपात द्राक्षाला सात वर्षांत हेक्टरी २८ किलोची मर्यादा आहे, म्हणजे सरासरीनं एकरी वर्षाला १.६ किलो. एक टक्क्याच्या दोन पूर्ण फवारण्यांत ती ओलांडली. आपल्या विम्ल मातीत तांबं काहीसं बांधलं जातं हे खरं, पण गांडुळं कमी व्हायला लागतात ती इथूनच.

कमी तांब्यात काम करायचं तर मिश्रण नीट करा. मोरचूद ५० लिटरात प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये, चुना वेगळ्या ५० लिटरात गाळून, आणि ढवळत ढवळत मोरचूद चुन्यात ओता; उलटं नाही. लोखंडी खिळा बुडवून बघा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, पानं करपतील. त्याच दिवशी संपवा, शिळ्या मिश्रणाचे कण मोठे होऊन पानावर टिकत नाहीत. डाऊनीला पान ओलं राहण्याचे तास कारणीभूत असतात, तेव्हा वेलीची दाटी कमी करून वारा खेळता ठेवला तर एखादी फवारणी वाचते. गांडुळांसाठी फवारणीच्या हंगामाआधी आणि नंतर, माती ओली असताना, २० सेंटीमीटर लांब-रुंद-खोल ढेकूळ काढून मोजणी ठेवा. एका खड्ड्यावर निष्कर्ष काढू नका, एकरात पाच तरी करा.

ओढ्याकाठची

नदीचं मी सांगते. गोदावरीवर पाणवेली आल्या की ‘नदीचा श्वास कोंडला’ अशी बातमी येते, मशीन उतरतं, काठावर ढीग लागतात, विषय संपतो. पाणवेल हे कारण नाही, लक्षण आहे. तिला नत्र आणि स्फुरद लागतो, आणि तो सांडपाण्यातून येतो. मलजल शुद्धीकरण केंद्र बीओडी (पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) उतरवायला बांधलेलं असतं. नत्र-स्फुरद काढायची खास सोय नसेल तर केंद्रातून स्वच्छ दिसणारं पाणी सुटतं आणि पुढे वेल पोसते.

ऑक्सिजन मोजायला विंकलर पद्धत अजूनही सगळ्यात भरवशाची. ३०० मिलीची बीओडी बाटली पाण्याखाली तिरपी धरून, बुडबुडा न राहता भरायची. मॅंगनीज सल्फेट २ मिली, अल्कली-आयोडाइड-अझाइड २ मिली, दोन्ही पिपेटचं टोक पाण्यात बुडवून. बूच लावून उलटसुलट हलवायची. साका तपकिरी आला तर ऑक्सिजन आहे; पांढराशुभ्र आला तर जवळजवळ नाही, पुढे टायट्रेशनला फारसा अर्थ नाही. साका अर्ध्यावर बसला की सल्फ्युरिक आम्ल २ मिली, मग त्यातलं २०० मिली घेऊन ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेट, शेवटी स्टार्च. जेवढे मिली लागले तेवढे मिलिग्रॅम प्रतिलिटर. आंघोळीच्या पाण्याचा निकष: ऑक्सिजन ५ किंवा जास्त, बीओडी ३ किंवा कमी, सामू ६.५ ते ८.५.

वेळ लिहिल्याशिवाय आकड्याला किंमत नाही. शेवाळ असलेल्या डोहात दुपारी तीनला ऑक्सिजन भरपूर दिसतो, कारण उन्हात ते तयार करतं. पहाटे तेच शेवाळ तो खाऊन बसलेलं असतं, मासे मरतात ते पहाटे. पाणवेलीचं उलटंच आहे, तिची पानं हवेत, तिचा ऑक्सिजन हवेत जातो आणि खाली पाण्याला ऊन मिळत नाही. म्हणून पहाटे एक आणि दुपारी एक असे दोन नमुने हवेत. आणि नाशिक समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या आसपास असल्यानं २५ अंशांना पूर्ण भरलेलं पाणीही ७.७च्या जवळच थांबतं, पुस्तकातल्या ८.२६शी तुलना करून नदीला उगाच नापास करू नका.

जागा अशा घ्या: सोमेश्वर, आनंदवली, होळकर पूल, तपोवनात कपिला संगमाच्या खाली, नंदिनी मिळते तिथे टाकळीला संगमाच्या वर आणि खाली, दसक, सायखेडा, आणि शेवटी नांदूरमधमेश्वरचा बंधारा. ते राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा) आहे, जानेवारी २०२०मध्ये जाहीर झालं, आणि वरचं सगळं गाळ-खत तिथेच येऊन थांबतं. संगमाच्या वर-खाली दोन नमुने घेतल्याशिवाय उपनदीवर आरोप करता येत नाही.

शंकेखोर

वेल काढून खत केलं तर? नत्र परत शेतात जातो, चक्र पूर्ण होतं.

ओढ्याकाठची

होतं, पण तीन अटी. काठावर ढीग नको, पहिल्या पावसात रस नदीत उतरतो. पूररेषेच्या बाहेर न्या. वेलीत ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं, म्हणून दोन-तीन दिवस सुकवून, तुकडे करून मग शेण आणि वाळक्या पाल्याचे थर. ओली रचली तर सडून वास मारते. आणि बी असलेला फुलोरा ढिगात असेल तर ढीग आतून तापलाच पाहिजे, नाहीतर ते खत ज्या तळ्याकाठी जाईल तिथे वेल. अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींच्या नाल्यांच्या तोंडची वेल भाजीपाल्याला अजिबात नको, ती जड धातू मुळांमध्ये साठवते.

जाता जाता, नदीचा तळ आणि जमीन यांच्यात पाणी येतंजातं, त्या पट्ट्यातल्या वाळूवरचे जिवाणू बरंच शुद्धीकरण फुकटात करतात. रामकुंड परिसरात तळाच्या काँक्रीटचा वाद जुना आहे, त्यात झऱ्यांबद्दल खूप बोललं गेलं, या जिवाणूंबद्दल कोणी नाही.

रानगवत

डोंगरांवर कोणीच बोललं नाही म्हणून. गंगापूर धरण ७२०० दशलक्ष घनफूट क्षमतेचं होतं, आता ५६३० धरतात. फरक गाळाचा. १५७० दशलक्ष घनफूट म्हणजे सुमारे साडेचार कोटी घनमीटर, आणि ती माती त्र्यंबक-ब्रह्मगिरीकडच्या उतारांवरची. एक सेंटीमीटर माती व्हायला शेकडो वर्षं लागतात.

उतार उघडा पडतो तो वणव्यानं. ‘जाळलं की गवत चांगलं येतं’ हा समज चिवट आहे. पहिल्या सरींनंतर राखेमुळे कोंब हिरवेगार दिसतात खरे, पण दरवर्षी जाळलेल्या उतारावर शेडा, मारवेल हटतात आणि कुसळी माजते, जी गुरं फुलोऱ्यात तोंडात धरत नाहीत. आणि राख पहिल्याच पावसात ओढ्यात.

जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायला गवत काढून केलेला पट्टा, दिवाळीच्या सुमारास, गवत अर्धं हिरवं असताना. तीन ते चार मीटर रुंद, कापून आणि दाताळ्यानं ओढून बाहेर काढायचं. कापलेलं तिथेच पडू दिलं तर ती रेषा नव्हे, वात झाली. आग चढावर पळते, म्हणून खालच्या बाजूची रेषा रुंद ठेवा आणि पायवाट, रस्ता यांना जोडून घ्या. गवत जाळून रेषा करणं वन खात्याच्या माणसांना करू द्या, हौशी मंडळींनी फक्त विळा. सातपूरला फाशीच्या डोंगरावर लोकांनी देवराई उभी केली, तिथलंही निम्मं काम लागवडीनंतरच्या उन्हाळ्यांचं असतं.

उतारावरचं पाणी अडवायला समतल चर ६० सेंटीमीटर रुंद, ३० खोल. पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी बघा, नजरेनं नको. चर एका टोकाला चार बोटं जरी खाली गेला तरी सगळं पाणी तिथून फुटतं आणि पुढच्या वर्षी तिथे घळ पडलेली असते, म्हणजे न खणलेलं परवडलं. आणि माथ्यावरच्या कातळसड्यांवर खड्डे खणून झाडं लावायचा उत्साह आवरा. तिथल्या वीतभर मातीत पावसाळी वनस्पतींची स्वतंत्र दुनिया आहे, तिला झाड नको असतं.

गावठाण

कुंभासाठी तपोवनातल्या झाडांवरून एवढं रान पेटलं. एक जुनं झाड तोडून दहा रोपं लावली तर हिशेब जुळतो ना?

रानगवत

मोजा. जमिनीपासून १.३७ मीटरवर घेर घ्या, ३.१४नं भागा, व्यास आला. व्यास ५० सेंटीमीटर, उंची १२ मीटर, लाकडाची घनता ०.६ धरू. घनता × व्यासाचा वर्ग × उंची = १८,०००. त्याचा ०.९७६वा घात, गुणिले ०.०६७३: साधारण ९५० किलो सुकं वजन. त्यात ४७ टक्के कार्बन, म्हणजे जवळपास १.६ टन कार्बन डायऑक्साइड, मुळं सोडून. आता तेच सूत्र ३ सेंटीमीटर व्यासाच्या, २ मीटर उंचीच्या रोपाला लावा: पाऊण किलोच्या आत. दहा रोपांचे सुमारे सात किलो. सगळी जगली तरी बरोबरी व्हायला अनेक वर्षं, आणि रोपं सगळी जगत नाहीत.

राज्याच्या वृक्ष कायद्यात २०२१च्या दुरुस्तीनं ५० वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष ठरतं आणि तोडलं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायची, तीही ६ ते ८ फुटांची, आणि सात वर्षं जगवायची. तेव्हा हरकत नोंदवताना भावना कमी आणि घेर जास्त लिहा: झाडाची जात, घेर, उंची, फोटो, जागेचे अक्षांश-रेखांश. खोड १.३७ मीटरच्या खाली दुभंगलं असेल तर प्रत्येक खोडाचा घेर वेगळा नोंदवा. वडाच्या पारंब्या खोडात धरू नका, वयाचा अंदाज फुगतो आणि समोरचा नेमकं तेच पकडतो.

ओढ्याकाठची

@रानगवत, धरणाच्या गाळाचा तो आकडा घेऊन नदीच्या नमुन्यांत गढूळपणाही जोडता येईल. पहिल्या मोठ्या पावसात, पाणी चढत असताना नमुना घ्यायचा. पूर ओसरताना घेतलेल्यात गाळ बराच कमी येतो. लिटरभर पाणी, आधी वाळवून वजन केलेला फिल्टर कागद, १०५ अंशांना तासभर सुकवून पुन्हा वजन. बीओडीच्या बाटल्या मात्र उन्हात ठेवू नका, बर्फाच्या डब्यातून त्याच दिवशी प्रयोगशाळेत. २७ अंशांना तीन दिवसांची चाचणी लागते, तेव्हा गुरुवारी नमुना नेऊ नका, रविवारी वाचायला कोणी नसतं.